द्रौपदी, तिसरा मजला

पनवेलला कुणी जात नाही, पनवेलवरून जातात. सोलापूरच्या कुठल्याही माणसाला विचारा. त्यानं पनवेलला चहा घेतलेला असतो, "गाडी किती वेळ थांबणार?" असं विचारून कंडक्टरचे वटारलेले डोळे पाहिलेले असतात, चुकीच्या गाडीत चढून तो परत उतरलेला असतो. पण पिशवी खांद्याला लावून "आलो बाबा पनवेलला" म्हणणारा मला तरी अजून भेटायचा आहे. त्यामुळे जानेवारीत मी आठवडाभरासाठी पनवेलला निघाले तेव्हा घरी, कॉलेजात आणि वाण्याच्या दुकानात सगळ्यांनी एकच विचारलं, "आणि तिथून पुढं कुठं?"

पुढं कुठंच नव्हतं. मी संशोधनाला निघाले होते. मी शिक्षणशास्त्र शिकवते. मुलं कॉलेजपर्यंत पोचतात कशी आणि पोचल्यावर तिथं रमतात का, हा माझा अभ्यासाचा विषय. या विषयात माझ्या नावावर एक शिडीही आहे. 'सहभागाची शिडी'. सगळ्यात खालची पायरी 'शारीरिक उपस्थिती', सगळ्यात वरची 'आत्मीय सहभाग'. परिषदांमध्ये ही शिडी मी बाणबिण काढून पडद्यावर दाखवते, तेव्हा श्रोते पहिल्या पायरीवर बसून घोरत असतात. माझ्या स्वतःच्या वर्गात काय चालतं ते विचारू नका. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याकडं चांगला गडद आहे.

पनवेल स्टॅण्ड

सकाळी स्टॅण्डवर उतरले ती स्वेटर, शाल आणि कानटोपीसकट. आमच्याकडं जानेवारीतल्या पहाटे दात वाजतात. इथं उतरल्याउतरल्या चष्म्यावर वाफ धरली. मला घ्यायला आलेली वंदना, माझी शाळेतली मैत्रीण, लग्नानंतर इकडचीच झालेली, मला नखशिखान्त बघून म्हणाली, "काश्मीरहून आलीस का गं?" रिक्षात बसून मी एकेक थर उतरवत गेले. वंदनाचं खारघर येईपर्यंत माझ्या मांडीवर कपड्यांचं बोचकं झालं होतं आणि रिक्षावाला आरशातून काळजीनं बघत होता.

वंदनाचं घर उंचावर आहे. बाल्कनीतून एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला टॉवरच टॉवर, आणि खाली त्या टॉवरांच्या मधोमध लाल-निळ्या पत्र्यांचा, देवळाच्या कळसाचा एक दाट ठिपका. "ते बेलपाडा," वंदना म्हणाली. "मूळ गाव. खारघर नंतर आलं." गावाला लागूनच मोठ्या काचांची एक इमारत उभी होती. ज्याचा अभ्यास करायला मी आले होते ते हेच कॉलेज. भूक लागली म्हणून घरी जेवून येता येईल इतकं ते गावाजवळ होतं. मी मनातल्या मनात लगेच एक वाक्य तयार केलं: 'भौगोलिक अंतर शून्य असल्याने प्रवेशसुलभता कमाल.' हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोनदा म्हणून पाहिलं.

काचांच्या इमारतीत

कॉलेजानं मला वातानुकूलित सभागृह दिलं, गोल मांडलेल्या खुर्च्या दिल्या आणि विद्यार्थी दिले. आता त्या खुर्च्यांत बसून त्यांनी मन मोकळं करायचं होतं. मी विचारलं, "कॉलेजात तुम्हाला आपलेपणा वाटतो का?"

"हो मॅम."

"कशामुळं?"

"फॅसिलिटीज चांगल्या आहेत."

"आणि काय अडचणी येतात?"

"काही नाही मॅम. सगळं मस्त आहे."

तासभर हे असंच. शेवटी एका मुलानं हात वर केला. मी हरखले. म्हटलं, फुटला पाझर. तो म्हणाला, "मॅम, याचं सर्टिफिकेट मिळेल ना?"

नाही म्हटल्यावर सभागृह क्षणात रिकामं झालं. शारीरिक उपस्थिती हीसुद्धा वरची पायरी असू शकते, हे मला तेव्हा समजलं. मागं एकच मुलगी राहिली होती, तन्वी, दुसऱ्या वर्षाची. खुर्च्या सरळ करता करता म्हणाली, "मॅम, इथं कोण बोलणार? पोरं खरं बोलतात ती मेसमध्ये. बेलपाड्यात आहे, मावशींची. सगळे तिथंच जेवतात." आणि मग थोडं थांबून, "तिथं गेलात तर मी सांगितलं असं सांगू नका."

का, ते मी विचारलं नाही. संशोधकानं प्रश्न विचारायचे असतात हे मला नेमकं हवं तेव्हा आठवत नाही.

बेलपाडा

मेस म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत मांडलेली लांब टेबलं. मावशी चाळिशीच्या, ठसठशीत, एका हातानं तांदळाची भाकरी थापत दुसऱ्या हातानं पोरांना दटावणाऱ्या. मी शाकाहारी आहे हे ऐकून त्यांचा हात थांबला.

"जवला पन नाय?"

"नाही."

"बोंबील?"

"नाही हो."

"मग खाता काय, कागद?"

आणि पोरं हसली. पण त्याच बाईनं मला वालाचं बिरडं वाढलं, आणि मी ज्वारीच्या कडक भाकरीत वाढलेली बाई त्या मऊ पांढऱ्या भाकरीवर अशी तुटून पडले की तिसरी कधी आली ते समजलं नाही. मी सोलापूरहून आणलेली शेंगांची चटणी त्यांना दिली. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हां. आता तुमी मानसात आलात."

पोरं पांगल्यावर मी माझं शास्त्र काढलं. आमच्यात मुलाखतीआधी समोरच्याला सगळं समजावून त्याची संमती घ्यायची पद्धत आहे. मी गंभीर आवाजात म्हणाले, "तुमचं नाव पूर्णपणे गुप्त ठेवलं जाईल."

"का? मी काय केलंय?"

"तसं नाही. पद्धत असते. तुम्हाला मी लेखात दुसरं नाव देईन. समजा, मीरा."

मावशी कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिल्या. "एक नाव बापानं ठेवलं. लग्नात नवऱ्यानं तांदळात अंगठीनं दुसरं लिवलं. पोरं मावशी बोलतान. आता तुमी बी ठेवा एक. उद्या अजून कोन आला तर त्याला बी ठेवू दे."

"वडिलांनी काय ठेवलं होतं?"

"द्रौपदी." हे नाव त्यांनी जरा हळू घेतलं. "सासू बोलली, असलं नाव घरात नको, महाभारत व्हईल. म्हनून अश्विनी केलं. महाभारत व्हायाचं ते झालंच."

मी हसले आणि पुढचा प्रश्न घेतला. पण त्या दिवशी प्रश्न त्याच विचारत होत्या. त्यांची मुलगी या कॉलेजात आहे हे कळलं होतं, ती मुलगी म्हणजेच तन्वी हेही कळलं. मावशी विचारत होत्या: पहिला तास कवा असतो? साडी चालते काय? फळ्यावर विंग्रजीच लिवतात की मराठी पन? कोनाला काय येत नसलं तर बाई सगल्यांच्या पुढ्यात बोलतात काय? आणि वय, वयाचं काय बगतात काय?

मी मान डोलावत टिपून घेतलं: 'पालकाचा सहभाग अत्युच्च. मुलीच्या शिक्षणाबद्दल विलक्षण आस्था.' संध्याकाळी वंदनाला हे मी दोनदा वाचून दाखवलं.

मुलीला दोन वर्षं होत आली त्या कॉलेजात, आता तिची आई पहिला तास कधी असतो हे कशाला विचारेल? वाचकहो, तुमच्या लक्षात कधीच आलं असेल. मला रविवार उजाडावा लागला.

शिरढोण

रविवारी मावशींनी मला त्यांच्या माहेरी, शिरढोणला पोपटी खायला नेलं. गाव क्रांतिकारकांचं म्हणून पाठ्यपुस्तकात आहे, पण त्या दिवशी सगळं लक्ष एका मडक्याकडं होतं. लांब कर्नाळ्याचा सुळका दिसत होता, भाताची शेतं कापून मोकळी झाली होती. आमच्याकडं या दिवसांत हुरडा असतो. आगटीभोवती बसायचं, गरम दाणे तळहातावर चोळायचे. इथं मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, कोंबडी, जाडं मीठ आणि ओवा घालतात, तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला कोंबतात, मडकं उपडं घालतात आणि वरून पेंढा-काटक्यांचा जाळ. पाण्याचा थेंब नाही. माझ्यासाठी वेगळं सोवळं मडकं होतं.

मी मदत करते म्हणाले. पाहुण्यानं असं म्हणायचं असतं आणि यजमानानं नको म्हणायचं असतं. मावशींच्या धाकट्या भावानं, रामदासनं, "जावा ना, बांधावरचा भांबुर्डा आना" म्हणून मला पाठवून दिलं. मी पदर खोचून ओंजळी भरभरून पाला आणला. रामदासनं वास घेतला आणि मान वळवली. "ताई, ही घानेरी हाय. म्हस पन नाय खात." तन्वीनं निमूट जाऊन खरा पाला आणला.

जाळ पेटला, आम्ही भोवती बसलो, आणि मावशी एकदम म्हणाल्या, "म्याडम, मना कॉलेजात जायाचं हाय."

"तन्वीला भेटायला?"

"शिकायला."

गेल्या वर्षी त्या बारावी झाल्या होत्या. सतरा नंबरचा फॉर्म भरून, पोरांनी मेसमध्ये टाकलेली पुस्तकं वाचून. निकाल आला तो द्रौपदीच्या नावानं, कारण दहावीचा दाखला त्या नावाचा. "आमचे हे बोलले, कोनाचा तरी चुकून आला आपल्या फोनवर," मावशी म्हणाल्या. आता जूनला त्यांना पदवीला प्रवेश घ्यायचा होता, घरासमोरच्याच कॉलेजात. लांब कुठं जाणं जमणार नव्हतं. दुपारचं नि रात्रीचं जेवण त्यांच्याच हातचं लागे.

"नवऱ्याची हरकत आहे का?" मी विचारलं. आमच्या शास्त्रात हरकत नेहमी नवऱ्याची असते.

"त्याची कसली? तो बोलला, जा. हरकत हिची हाय." मावशींनी तन्वीकडं हनुवटी केली. "आनि ही नाय बोलली तर मी नाय जानार. तिचं कॉलेज हाय ते."

तन्वी जाळाकडं बघत होती. ती भडकली नाही, हे मला जास्त कठीण गेलं. "मॅम, तुम्हीच सांगा. वर्गातली अर्धी पोरं आमच्याकडं जेवतात. आई बेंचवर बसली की विचारतील, मावशी, आज भाजी काय? मी इथं, गावात, सगळीकडं मेसवाल्या मावशीची पोरगी असते. कॉलेजात, तेवढ्या एकाच ठिकाणी, फक्त तन्वी असते. तेवढं तरी माझं राहू दे ना."

 मग मावशी म्हणाल्या, "मना पन तेच पायजे ना गो. तिकडं फक्त द्रौपदी. बाबा गेला तवापासून त्या नावानं हाक मारनारा कोन ऱ्हायलाच नाय. ह्यो रामदास पन ताई बोलतो."

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. वीस वर्षं ज्या विषयावर मी बोलत आले तो विषय समोर बसून माझं मत मागत होता. आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "संशोधक म्हणून मला हस्तक्षेप करता येत नाही."

रामदासनं मडक्यावर पाणी शिंपडलं. पाणी चर्र करून उडालं, म्हणजे पोपटी झाली होती. सगळे मडक्याकडं वळले आणि माझी सुटका झाली. त्या गरम शेंगांइतकं चवदार मी फार थोडं खाल्लं आहे, आणि खाताना मला माझी इतकी लाज क्वचित वाटली आहे. अख्खी शिडी खांद्यावर घेऊन हिंडणारी बाई, आणि कुणाला चढायचं म्हटल्यावर तिनं शिडी उचलून बाजूला उभं राहावं!

पुन्हा काचांच्या इमारतीत

दुसऱ्या दिवशी मी हस्तक्षेप केला. मावशींना म्हटलं, "चला, निदान आतून बघा तरी." कॉलेजभर त्यांच्या भाकऱ्या पोचल्या होत्या, त्या स्वतः फाटकाच्या आत कधी गेल्या नव्हत्या. फाटकावर पहारेकऱ्याला सांगायला मी एक भारदस्त वाक्य जुळवून ठेवलं होतं. ते वाया गेलं. त्यानंच मावशींना बघून खुर्ची सोडली. "मावशी, तुमी? काय झालं, डबा कोनाचा ऱ्हायला?"

एक रिकामा वर्ग मिळाला. मावशी आधी शेवटच्या बाकावर बसल्या, मग मधल्या, मग उठून पहिल्यावर. बाकाची फळी तळव्यानं पुसली. फळ्याकडं बघत राहिल्या. एरवी ज्या बाईचं तोंड मिटत नाही ती गप्प बसलेली बघून मी घाईघाईनं चष्मा पुसायला काढला.

तेवढ्यात दारात तन्वी. पहारेकऱ्याकडून बातमी पोचली असावी.

"आई, तू इथं? विचारलंस तरी का मला?"

"म्याडमनी आनलं," मावशींनी मला पुढं ढकललं.

मग मी मध्यस्थी केली. माझ्या आयुष्यातली ही एकमेव यशस्वी मध्यस्थी, म्हणून सांगते. मी असा तह सुचवला: मावशींनी प्रवेश घ्यावा, पण फाटकाच्या आत दोघींनी एकमेकींना ओळख दाखवायची नाही. तन्वी तन्वी, द्रौपदी द्रौपदी. जिना, कॅन्टीन, ग्रंथालय, कुठंही समोर आल्या तरी सरळ पुढं जायचं.

हे बोलताना ते किती खुळचट आहे हे मला कळत होतं. ज्या गावातला पहारेकरीसुद्धा मावशींना बघून उठतो तिथं ओळख लपवणार कुणाची कुणाकडून? पण मावशी ताबडतोब म्हणाल्या, "कबूल. मी हिला वळखनार पन नाय. शबूद."

तन्वीनं खांद्यावरची पिशवी सावरली. मग म्हणाली, "विचार करते." आणि तिच्या तासाला निघून गेली. दोन राष्ट्रांत तह घडवल्यासारखी मी ताठ मानेनं फाटकाबाहेर पडले आणि पायरी चुकून पडता पडता वाचले.

निघताना

स्टॅण्डवर मावशींनी डबा दिला, भाकऱ्या आणि बिरडं. "नाव बदलू नका माजं लेखात," एवढंच म्हणाल्या. प्रवेशाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, मीही काही बोलले नाही. तन्वीचा विचार अजून चालूच होता. गाडी सुटली तेव्हा त्या फलाटावर पदरानं वारा घेत उभ्या होत्या. सोलापूर येईपर्यंत स्वेटर, शाल, कानटोपी पुन्हा थराथरानं माझ्या अंगावर चढली.

लेखात मी 'द्रौपदी' असं लिहिलं. लेख तपासणाऱ्यांनी शेरा मारला की टोपणनाव पौराणिक वाटतं, जरा वास्तववादी नाव द्यावं. मी कळवलं, बाईंची हरकत आहे.

मग कित्येक महिने काही नाही. जून गेला. मी फोन उचलायचे आणि ठेवायचे. मुलीनं नाही म्हटलं असेल तर ते ऐकायचं धाडस नव्हतं. जुलैत एका दुपारी मावशींचाच फोन आला. मागं पोरांचा गलका.

"म्याडम, आज पयला दिवस व्हता माजा."

मी खुर्चीत बसले. "तन्वी हो म्हणाली?"

"बोलली, ये, पन शबूद लक्षात ठेव. मी ठेवला. जिन्यात ती मैतरनींसंगं उबी. मी नाय बगितलं. सरल दुसऱ्या मजल्यावर वलले. मागनं ती बोलली, आई, तिकडं नाय. मी थांबले नाय."

"अहो, का?"

"शबूद दिलेला ना तुमच्या म्होरं! ती पुन्ना, आई, ए आई. मी चालतेच हाय. मंग ती वाकून असली वरडली, असली वरडली, सगला जिना फिरून बगाया लागला. ए द्रौपदी! तिसरा मजला!"

 मी विचारलं, "मग?"

"मग काय. थांबले. त्या नावानं हाक मारल्यावर कोन थांबनार नाय?" मागं भाकरी मागणाऱ्या कुणाला तरी त्यांनी दटावलं. "मंग तीच आली वर, मना वर्गापरत सोडायला. मी बोलले, जा आता, तुजा तास चुकंल. नाय गेली. म्याडम आत आल्या, हजेरी घेतली, मी हजर बोलले. तवा गेली दारातून."